एसीचं पाणी

आमच्या गाडीचा एसी चालू असला की पुढच्या डाव्या चाकामागे थेंब थेंब पाणी पडायचं. एरवी ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्या उन्हाळ्यात टँकर बारा-तेरा दिवसांनी यायचा, आणि मम्मीनं न्हाणीबाहेर दोन बादल्या ठेवल्या होत्या. भाजी धुतलेलं पाणी एकीत, तांदूळ धुतलेलं दुसरीत. पहिलीतल्या पाण्यानं भांडी विसळायची आणि दुसरीतलं आबांच्या कढीपत्त्याला घालायचं.

आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पांचे वडील. आमच्या गावच्या दूध सोसायटीचे ते पहिले चेअरमन. चेअरमनपद सोडून त्यांना पंधराएक वर्षं झाली असतील, पण केजच्या बाजारात अजून त्यांना त्याच नावानं हाक मारतात. कढीपत्ता त्यांनी सोसायटीच्या एका जुन्या अॅल्युमिनियमच्या दुधाच्या कॅनमध्ये लावला होता. कॅनचा तळ गेलेला, म्हणून तो भंगारात निघाला होता. आबांनी त्यात माती भरली आणि झाड लावलं. अंगणातली बाकीची झाडं एकेक करून वाळली तेव्हा मम्मीनं नजर फिरवली, पण कढीपत्त्याला लागणाऱ्या पाण्याबद्दल ती कधी काही बोलली नाही.

मार्चमध्ये आबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. अंबाजोगाईला दवाखान्यात नऊ दिवस काढले. मी लातूरला शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा संपवून तडक तिथंच गेले. घरी आणताना डॉक्टरांनी पप्पांना बजावलं, की या वयात, या उन्हाळ्यात, दुपारचा प्रवास करायचाच नाही, आणि करावाच लागला तर गाडी थंड पाहिजे. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण तिचा एसी चांगला होता. दवाखान्यातून घरी येताना आबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि मध्येच म्हणाले, "चिलिंगला बसल्यावानी वाटायलंय."

चिलिंग म्हणजे दूध संघाचं शीतकरण केंद्र. आमच्या भागातल्या गावांचं दूध तिथं यायचं आणि थंड होऊन पुढे जायचं. ते केंद्र आमच्या तालुक्यात यावं म्हणून आबांनी तरुणपणी बरीच वर्षं खेटे घातले होते. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या थंड गोष्टींची तुलना चिलिंगशी व्हायची.

घरी पोहोचून गाडी थांबली, आणि मी पाहिलं की चाकामागची माती ओली झाली आहे. मी त्याखाली वाटी ठेवली. दहा मिनिटांत वाटीच्या तळाला पाणी साठलं. ते मी कढीपत्त्याला घातलं. आबा खाटेवरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला.

दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत सलाईनची एक कोरी नळी उरली होती. एसीच्या पाण्याचं जे आखूड रबरी तोंड असतं त्याला मी ती जोडली आणि इंजिनाखालच्या पत्र्याला दोन लिटरची बाटली टांगून तिच्यात सोडली. नळी लोंबू नये म्हणून इंजिनामागून जाणाऱ्या एका जाडसर चकचकीत पाइपला ती बांधली. बांधायला घरात बांधकामाची उरलेली लोखंडी तार होती. दोन वेढे दिले आणि पक्कडीनं पिळले. काम चांगलं जमलं होतं. पप्पा बीडला जाऊन आले की बाटली जवळजवळ भरलेली असायची. मी ती कॅनमध्ये ओतायचे आणि आबा खाटेवरून सांगायचे, "कडंकडंनं घाल, मधी नको." आमच्या दोघांमधली ही गोष्ट मला फार आवडत होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात कमी बोलणारी मुलगी. माझ्या न बोलण्याला घरातले सगळे 'इंग्लिश मिडियम' हेच कारण देतात, आणि कधी कधी माझ्यासमोर माझ्याचबद्दल असं बोलतात जणू मला मराठी कळत नाही. आबा तसं करत नसत.

आठवडाभरानं नेकनूरजवळ गतिरोधकावर बाटली तुटून पडली. पप्पांनी गाडी थांबवली, नळी उपटून फेकून दिली आणि घरी येऊन म्हणाले, "गाडीला सलाईन लावायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?" कुणाच्या ते त्यांना माहीत होतं. विषय तिथं संपला.

मे महिन्यात एसीतून गरम वारा यायला लागला.

पप्पांनी हमरस्त्यावरच्या एका दुकानात गॅस भरून घेतला. सहा दिवस गाडी छान गार राहिली, सातव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं सांगितलं की आतली कूलिंग कॉइल गेली आहे, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, चार दिवस गाडी सोडा. पप्पा त्या वेळी सोसायटीच्या चारा छावणीवर होते. पहाटे जनावरांची मोजणी, मग चाऱ्याच्या गाड्या, मग पाण्याची वाट बघणं. ते म्हणाले, पाऊस पडल्यावर बघू, गाडी चालतेय ना.

पण त्याच आठवड्यात संघाचं पत्र आलं. दुष्काळात दूध आटलं होतं, आमच्या भागातली निम्मी जनावरं छावणीत होती, आणि केंद्र दिवसातून एकदाच, तेही थोडा वेळ चालत होतं. तिथली यंत्रं काढून दुसरीकडे हलवायची का, हे ठरवायला बीडला विशेष सभा ठेवली होती. सकाळी अकराला. म्हणजे परतायला दुपार होणार.

आबांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मला वाचायला दिलं, मला मराठी वाचायला जरा वेळ लागतो हे माहीत असूनही. मग कोट इस्त्रीला पाठवला. तो आला तेव्हा धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर वर्तमानपत्र टाकून खुंटीला अडकवला.

मम्मी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गाडी गार झाली तर खुशाल जावा. न्हाईतर मी दारात आडवी पडते."

तिचा आवाज अगदी साधा होता. आबा हुज्जत घालतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त हातातल्या घड्याळाला किल्ली दिली. हे मला जास्त लागलं. आबा भांडत असले की बरे असतात.

सभेला दोन दिवस उरले असताना सकाळी सातलाच त्यांनी मला हाक मारली. "गाडी काढ, माय. आपल्या माणसाकडं जाऊ."

"कोणाकडे?"

"चिलिंगचा ऑपरेटर होता त्याच्याकडं. त्याला गारवा कळतोय."

मला लायसन्स मिळून चारच महिने झाले होते. गावातून केजपर्यंतचा रस्ता मी तिसऱ्या गियरमध्ये काढला. ऊन चढायच्या आत पोहोचायचं म्हणून आबा सारखे घड्याळ बघत होते, पण 'जोरात चालव' असं एकदाही म्हणाले नाहीत.

केजच्या बाहेर बाभळीखाली एक पत्र्याचं शेड होतं. त्यात काम करणारा माणूस पन्नाशीचा, सडपातळ. अंगात खाकी शर्ट. खिशावर कधीतरी संघाचा बिल्ला शिवलेला असावा, तो उसवून काढला होता आणि टाक्यांची चौकट तेवढी राहिली होती. केंद्रातलं काम कमी झाल्यापासून तो इथं गाड्यांचे एसी आणि दुकानांचे फ्रिज दुरुस्त करत होता. आबांना बघून तो उठला, हात पुसले, आणि एक दुधाचा कॅन उपडा करून त्यावर पोतं घातलं.

"बसा चेअरमनसाहेब. गाडी कोण आणली?"

"नातीनं आणली."

"मग हळू आला असाल."

"लई हळू. एक बैलगाडी पुढं गेली, तिच्यातला बैल वळून बघत होता."

दोघंही हसले. मी गाडीचं बॉनेट उघडण्यात गुंतल्यासारखं केलं.

आबांनी सगळी हकिगत सांगितली. कूलिंग कॉइलपाशी आल्यावर त्यानं थांबवलं. "कॉइल गेली हे कशावरून म्हणला त्यो?"

"आत नाक घालून वास घेतला न म्हणला."

"ह्या गॅसला वास कुठं असतोय? आपला अमोनिया वेगळा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, चिलिंगला अमोनिया गळाला की आमी गंधकाची कांडी पेटवून पाइपावरून फिरवायचो. गळती असंल तिथं पांढरा धूर. तुमचे आजोबा एकदा कांडीबिगर नाक घेऊन गेलते. दोन तास डोळ्यातून पाणी."

"सभासदांना वाटलं, चेअरमन रडायलाय," आबा म्हणाले. "त्या वर्षी बिनविरोध निवडून आलो."

"सभा कवा हाय म्हणला?"

"परवा."

"परवा," त्यानं पुन्हा म्हटलं, आणि गाडीकडे वळला.

पुढचे काही तास मी जे पाहिलं ते मला अजून क्रमानं आठवतं. त्यानं दोन नळ्या जोडल्या, त्यांच्या टोकाला दाबाची दोन घड्याळं, एक निळं, एक लाल. दोन्ही काटे तळाला टेकलेले. म्हणजे गॅस संपला होता. पहिल्या दुकानानं एवढं बघूनच गॅस भरला होता, पण यानं नुसती मान हलवली. "गळक्या कॅनमधी दूध वतायचं का? आधी भोक बघू." त्यानं उंच सिलिंडरमधून नायट्रोजन भरला, काटा बराच वर चढवला, कॉक बंद केला आणि घड्याळाच्या काचेवर काट्याच्या टोकाशी पेनानं बारीक रेघ मारली.

"आता चहा."

चहा समोरच्या टपरीवरून आला. अर्धा तास आम्ही त्या रेघेकडे बघत होतो. मला काही कळत नव्हतं. आबांना चष्मा लावून कळलं. "हालला. केसभर हालला."

म्हणजे गळती होती, पण बारीक.

त्यानं चहाच्याच ग्लासात शाम्पूची पुडी फोडली, घोटभर पाणी घातलं आणि दाढीच्या ब्रशनं फेस केला. त्याच्याकडे हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून उजेडाची बॅटरी माझ्या हातात आली. जिथं जिथं पाइप जोडलेले होते तिथं तो फेस लावायचा, मी उजेड धरायचा, आणि दोघांनी बुडबुडा येतो का बघायचं. हे काम मला जमत होतं. यात बोलावं लागत नाही, आणि बघत राहणं मला येतं. सगळे सांधे झाले. कुठंच काही आलं नाही.

आबा कॅनवरून म्हणाले, "मग कॉइलच म्हणायची का?"

"तसं कसं म्हणावं? बघितल्याबिगर डॅशबोर्ड खोलायचा न्हाई. एकदा खोलला की जन्मभर खडखड करतोय." त्यानं कॉइलकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवले, कॉइलला एकटीला बुचं मारली, तिच्यात वेगळा नायट्रोजन भरला आणि पुन्हा रेघ मारली. पुन्हा अर्धा तास. तोवर ऊन शेडच्या पत्र्यावर आलं होतं. आबांना त्यानं पंख्यासमोर बसवलं आणि त्यांच्या टोपीवर ओला रुमाल ठेवला. पंख्याला संघाच्या मालमत्तेचा नंबर होता, पांढऱ्या रंगानं लिहिलेला. तो मी वाचला आणि वाचला नाही असं केलं.

काटा रेघेवरून हलला नाही.

"कॉइल ठणठणीत हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दुकानाचं ऐकलं असतं तर चार दिवस गेले असते, हे तिघांनाही कळत होतं. आबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"आता रेडिएटरपुढली गॅसची जाळी राहिली. तिला खडा लागून भोक पडलं असंल तर ती संभाजीनगराहून मागवावी लागतीय. दोन दिवस."

"म्हणजे सभा हुकली."

"सभेला इथंच बोलवू. शेडमधी. कोरम होतोय का बघा."

या वेळी आबा हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढून पुसलं आणि परत बांधलं.

त्यानं पाइप जोडून पुन्हा नायट्रोजन भरला. मग दाढीच्या आरशाएवढा एक आरसा घेतला आणि इंजिनामागच्या अडचणीत, जिथं डोकं जात नाही तिथं, खालून बघायला लागला. "ताई, उजेड आत टाका. आणखी आत. गॅसबरूबर तेल बी गळतंय, त्याच्यावर धूळ बसून काळा डाग पडतोय. असा डाग दिसतोय का बघा."

आमच्या गाडीत सगळीकडे एकाच रंगाची धूळ होती, त्या वर्षी सगळ्या जिल्ह्यात होती तीच. मी उजेड पाइपवरून हळूहळू सरकवत नेला. वळणापाशी, पाइपच्या खालच्या अंगाला, धूळ काळी आणि ओलसर होती. तिच्या मधोमध बांधकामाच्या तारेचे दोन वेढे होते, पक्कडीनं पिळलेले.

त्या तारेला मी लगेच ओळखलं. पिळाचं टोक मी आत वाकवलं होतं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

मी उजेड पुढे सरकवला.

हे मी मुद्दाम केलं. आरसा त्याच्या हातात होता, उजेड माझ्या. त्यानं जे पाहिलं नाही ते मी त्याला दाखवलं नाही. पप्पांनी नळी उपटली पण तार राहिली, महिनाभर इंजिनाच्या थरथरीत ती त्या मऊ पाइपवर घासत राहिली, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम जुळलं. आणि त्यासोबत हेही की पप्पा काय म्हणतील, मम्मी काय म्हणेल, हा माणूस काय म्हणेल, आणि आबा. मुख्य आबा. ती बाटली ओतताना ते खाटेवरून किती खुशीत बघायचे.

"हिकडं काय न्हाई," तो उठत म्हणाला. कंबर धरून सरळ झाला. "चेअरमनसाहेब, जाळीच दिसतीय. मी फोन लावतो संभाजीनगरला. माल आज निघाला तर..."

"आज निघतोय का?"

"आज न्हाई निघायचा. उद्या."

आबा म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "कोट काढून कपाटात ठेवायला सांग तुझ्या मम्मीला. धूळ बसंल."

त्यानं फोन खिशातून काढला होता. मी बॅटरी परत आत धरली. माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू येईना इतका बारीक निघाला.

"काका, इथं बघा."

"कुठं?"

"इथं. तारेखाली. मी मगाशी पाहिलं होतं."

तो वाकला. आरसा फिरवला. ब्रश नेऊन तारेवर फेस लावला. काही वेळ काहीच झालं नाही, मग तारेच्या दोन वेढ्यांमधून मोहरीएवढा बुडबुडा आला, त्यामागे दुसरा, मग एकाला एक चिकटून त्यांचा पुंजका झाला.

"सापडलं," तो म्हणाला. "पर ही तार हितं कोण बांधली?"

मी बॅटरी बंद केली, परत लावली.

"मी बांधली. पाणी साठवायला. कढीपत्त्यासाठी."

त्यानं आबांकडे पाहिलं. आबा कॅनवरून उठून आले होते, रुमाल हातात. त्यांनी वाकून आत बघायचा प्रयत्न केला, त्यांना काही दिसलं नसावं.

"आमी दोघांनी बांधली," आबा म्हणाले. "मीच म्हणलो हिला, घट्ट बांध."

ते खरं नव्हतं. बांधताना ते घरात झोपले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते पाइपकडेच बघत होते.

त्यानं तारेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "घट्ट बांधलीया मातर. पक्कडीचा पीळ चांगला हाय." पुन्हा आत बघत म्हणाला, "सुतळीनं बांधली असती तर मी आज उपाशी मेलो असतो."

'मगाशी पाहिलं होतं' हे त्यानं नक्की ऐकलं होतं. त्याबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही.

पाइप त्यानं पूर्ण सोडवून बाहेर काढला. तार कापली तेव्हा तिच्याखाली दोन बारीक चकचकीत चरे दिसले आणि एकात सुईच्या टोकाएवढं भोक. त्यानं पाइप आबांच्या हातात दिला. आबांनी पाइप डोळ्यासमोर धरला, तोंडानं फुंकला, भोकावर बोट ठेवलं आणि मान हलवली, जणू दुधाचा नमुना तपासतायत.

"झाळणार का?"

"तुमच्या सभासदांचे कॅन झाळून झाळून हयात गेली माझी. हा कॅनच हाय, लांबट."

पाइप आधी तेल जाईपर्यंत धुतला, घासला. मग त्यानं भोकाच्या बाजूला साबणाची वडी घासली. मला वाटलं हाही फेसाचाच प्रकार. त्यानं निळी ज्योत लावली आणि म्हणाला, "ताई, लोखंड तापलं की लाल होतंय, सांगतंय. ह्ये अॅल्युमिनियम सांगत न्हाई. गप ऱ्हातंय न एकदम वितळून खाली पडतंय. म्हणून साबण. साबण काळा झाला की समजायचं, आता बास."

साबण पिवळट झाला, तपकिरी झाला, मग काळा. त्याच क्षणी त्यानं ज्योत बाजूला घेतली आणि झाळायची कांडी टेकवली. कांडीचं टोक पाण्यासारखं पसरलं आणि भोक दिसेनासं झालं. आबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. नव्या रबरी कड्या, पाइप जागेवर, नायट्रोजन, रेघ, अर्धा तास. या वेळी काटा रेघेवर बसून राहिला. मग पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढली, थोडं तेल घातलं, आणि गॅस तराजूवर ठेवून वजनानं भरला. त्यानं मला गाडी चालू करायला सांगितली आणि शेडमधून एक लांब काचेचा थर्मामीटर आणला. केंद्रात दुधाच्या टाकीत बुडवायचा तोच. तो त्यानं एसीचा वारा येतो त्या झडपेत खोवला. तिघंही वाकून बघत होतो. पारा उतरत उतरत आठ अंशांवर थांबला.

आबा म्हणाले, "आपण चारला ठेवायचो."

"त्ये दूध होतं चेअरमनसाहेब. तुमाला चारला ठेवलं तर सभेत नेऊन वतावं लागंल."

निघताना त्यानं माझ्या हातात ती तार दिली. कागदात गुंडाळून. "ठिवा," एवढंच म्हणाला. ती माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे.

घरी आबांनी एवढंच सांगितलं की एक तार पाइपला घासली होती. कसली तार, ते पप्पांनी विचारलं. आबा म्हणाले, "गाडीतलीच." रात्री जेवताना मी पप्पांना खरं सांगितलं. ते भात कालवायचे थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सलाईन." मग हसायला लागले. मम्मी हसली नाही, पण कोट तिनंच खुंटीवरून काढला, झटकला आणि परत अडकवला.

सभेच्या दिवशी पप्पांना छावणी सोडता येईना, म्हणून गाडी मीच नेली. आबा कोट घालून पुढे बसले. मी एसी पूर्ण ठेवला होता. नेकनूरच्या पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आहेत आणि दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले आहेत. मी विचारलं, "कमी करू का?"

"कावून? चांगलंय की."

मी कमी केला नाही. केला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि मला वाटतं त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं. दोघंही थंडीत कुडकुडत बीडला पोहोचलो.

मी आत गेले नाही. निंबाखाली गाडीत बसून राहिले. माणसं येत होती, टोप्या, उपरणी, आबांना बघून थांबणारी, त्यांचा हात धरून पायऱ्या चढवणारी. दीड तासानं माझा फोन वाजला. शेडमधला तो माणूस. नंबर आबांनी त्याला दिला असणार.

"ताई, काय झालं?"

"एसी मस्त चालतोय काका. येताना गाडी छान गार होती."

"सभेचं इचारलो."

मला एकदम लाज वाटली. दोन दिवसांपूर्वीचा अख्खा दिवस मी त्याच्याजवळ उभी होते, त्याचा शर्ट, तो पंखा, तो थर्मामीटर बघत होते, आणि हे मला सुचलंच नव्हतं. "अजून बाहेर नाही आले," मी म्हटलं. "आले की लगेच सांगते."

आबा आले ते दोन माणसांच्या मधून, सावकाश. गाडीत बसले, पाय आत घेतले.

"एक पावसाळा थांबतो म्हणले. यंत्रं हालवायची न्हाईत. पाऊस बघून पुन्हा बसायचं."

"तुम्ही बोललात?"

"बोललो. थोडंच. दम लागत होता." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काढ गाडी."

मी आधी फोन लावला. मला फोनवर बोलायला आवडत नाही, पण त्या दिवशी मीच लावला, आणि सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता एसी जरा बारीक ठिवा, ताई. म्हातारं माणूस हाय, गारठंल."

मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. ढाब्याच्या सावलीत गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. आबा उतरले आणि चहाकडे जायच्या ऐवजी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी गेले. खाली माती ओली होत होती. त्यांनी आमच्या पाण्याच्या, आता रिकाम्या झालेल्या थर्मासचं झाकण काढलं आणि गुडघ्यावर हात ठेवून, बेताबेतानं वाकून, नेमकं थेंबाखाली ठेवलं.

"चहा होऊस्तोवर भरंल तेवढं भरंल," ते म्हणाले.

अर्धं झाकण भरलं. ते त्यांनी थर्मासमध्ये ओतलं आणि घरापर्यंत थर्मास मांडीवर धरून बसले.